पुनरुज्जीवित डिझेल इंजिन व त्याची साक्ष

(१)

जुनें डिझेल इंजिन दुरुस्त करून पुन्हां चालतें केलें, आणि त्याच्या कॅबमध्यें, म्हणजे ड्रायव्हर ज्या खोलींत बसतो तिच्यांत, बसून आपण थोडें अंतर प्रवास केला, तर त्या प्रवासास इतिहासाचें साधन म्हणतां येईल काय, व येत असल्यास त्याचें प्रामाण्य कितपत मानावें, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत विचारासाठीं घेतला आहे. सनदा, महजर, शकावल्या व पोथ्या यांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रश्न यंत्रशास्त्राचा नसून साधनचिकित्सेचा आहे. आणि ती चिकित्सा करण्याची संवय ज्यांस आहे त्यांनींच तो हातीं घ्यावा असें आम्हांस वाटतें.

वाफेच्या इंजिनाविषयीं आपल्याकडे जिव्हाळा आहे. १९०७ सालीं सुरू झालेल्या नेरळ–माथेरान गाडीचीं वाफेचीं इंजिनें आज कौतुकानें दाखविलीं जातात. पण त्यांच्या मागून, १९५० नंतरच्या दशकांत, जर्मनींतील युंग कारखान्यांतून जीं डिझेल इंजिनें तो घाट चढावयास आलीं, तींही आतां जुनीं झालीं आहेत याचें भान क्वचितच दिसतें. मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ गाडीचेंही तसेंच. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें तिचें वाफेचें इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजीं निवृत्त झालें, ही तारीख अनेक लेखांतून सहज सांपडते. त्याच्या जागीं आलेल्या डिझेल इंजिनाचा शेवटचा दिवस मात्र तितक्या सहजतेनें हातीं लागत नाहीं. जें अगदीं जुनें त्याचा सत्कार करावयाचा व जें नुकतेंच जुनें होत आहे त्याकडे पाठ फिरवावयाची, हा दोष इतिहासाभ्यासकांचा नेहमींचाच आहे.

आणि डिझेलचा काळ आतां डोळ्यांदेखत सरत आहे. मुंबईंत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजींच धांवली. म्हणजे मुख्य मार्गावरील डिझेल इंजिनांहून वीज आपल्याकडे वयानें मोठी. तरीही मराठवाड्यासारख्या प्रांतांत लांब पल्ल्याच्या गाड्यांचा भार अनेक दशकें डिझेलनेंच वाहिला. फेब्रुवारी २०२३ मध्यें औसा रोड–लातूर रोड हा भाग पुरा झाल्यावर मध्य रेल्वेनें आपले सर्व ब्रॉडगेज मार्ग विद्युतीकृत झाल्याचें जाहीर केलें. बीड जिल्ह्यांत परळीस रेल्वे निजामशाहींतच आली होती. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला मात्र ती मिळण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. तत्पूर्वीं २०२२ मध्यें आष्टीपर्यंत जी गाडी आली ती डिझेलवर चालणारी डेमू होती. याप्रमाणें एकीकडे डिझेलची निरवानिरव चालू असतां दुसरीकडे आमच्या जिल्ह्यास त्याची नवीच ओळख झाली. अशा संधिकालांतच कागद रद्दींत जातात, म्हणून हा लेख.

(२)

दोन वर्षांपूर्वीं एका शेडच्या आवारांत, दुरुस्त करून रंगविलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनाच्या कॅबमध्यें बसण्याचा योग आम्हांस आला. शेडचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. बरोबर उमापूरचे एक निवृत्त इंजिनचालक होते. त्यांच्याच ओळखीनें परवानगी मिळाली. उमापूर हें गेवराई तालुक्यांतील गांव. तेथें रूळ नाहीं. अशा गांवच्या मनुष्यानें मीटरगेजवर व पुढें ब्रॉडगेजवर मिळून सारी हयात इंजिनांत काढली. नांव छापूं नये अशी त्यांची इच्छा असल्यानें येथें त्यांस ड्रायव्हरसाहेब एवढेंच म्हणतों.

डब्ल्यूडीएम-२ हें भारतीय रेल्वेचें अत्यंत प्रसिद्ध डिझेल इंजिन. मूळ आराखडा अमेरिकेंतील अल्को कंपनीचा. पहिलीं इंजिनें १९६२ सालीं तिकडून आलीं. वाराणसीच्या कारखान्यांतील पहिल्या इंजिनाचें लोकार्पण ३ जानेवारी १९६४ रोजीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें झालें. तें दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत आहे. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ति, वजन सुमारें ११३ टन. यांत डिझेलची शक्ति थेट चाकांस जात नाहीं; डिझेल यंत्र जनित्र फिरवितें, जनित्राची वीज सहा मोटरींस जाते व त्या मोटरी चाकें फिरवितात. ही गोष्ट ध्यानांत ठेविल्यावांचून कॅबमधील अनुभवाचा अर्थ लागत नाहीं.

लोखंडी पायऱ्या चढून आंत गेलों. खोली लहान, डिझेलच्या व तापलेल्या तेलाच्या वासानें भरलेली. इंजिनास कॅब एकच. म्हणून दोन्ही दिशांस चालविण्यासाठीं आंत नियंत्रणाच्या दोन पेट्या समोरासमोर कोपऱ्यांत बसविलेल्या. त्या दिवशीं यंत्राचा लांब भाग पुढें होता. ड्रायव्हरच्या खिडकींतून दिसे ती त्या लांबलचक पेटाऱ्याची एक कड आणि रुळाची एक बाजू. दुसरी बाजू केवळ असिस्टंटच्याच डोळ्यांस. सिग्नल दोघांनीं मोठ्यानें पुकारावयाचा नियम आहे हें आम्ही पूर्वीं ऐकून होतों. तो नियम कां, हें तेथें बसल्यावर कळलें. एकाला अर्धेंच दिसतें, म्हणून दुसऱ्यानें बोललेंच पाहिजे.

चालविणाऱ्या तरुण ड्रायव्हरनें थ्रॉटल पहिल्या नॉचवर आणली. आठ नॉचपैकीं ही पहिली. क्षणभर कांहींच घडलें नाहीं. मग पायांखालच्या पत्र्याची थरथर बदलली, आवाज जड झाला, भाराचा कांटा किंचित् उचलला, आणि त्यानंतर पाठींत हलका रेटा जाणवला. दांडा ओढणें व इंजिन हलणें यांच्यामध्यें असा एक अवकाश आहे. ड्रायव्हरसाहेब डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या नॉचच्या पुढें थ्रॉटल गेलीच नाहीं. सुमारें एक किलोमीटर जाऊन आम्ही तितकेंच परत आलों. एकंदर वीस मिनिटें.

उतरल्यावर आम्ही विचारलें, “ड्रायव्हरसाहेब, कसें वाटलें?” ते म्हणाले, “गुरुजी, आवाज खरा हाये. पण ह्याच्या मागं वढायला काय हाये? मोकळा बैल कसा बी चालतो.”

(३)

या एका वाक्यांत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. वीस मिनिटांच्या त्या प्रवासांत जें मिळालें व जें मिळालें नाहीं, त्यांची वेगवेगळी मांडणी करूं.

जें मिळालें तें असें. ड्रायव्हरच्या जागेवरून काय दिसतें व काय दिसत नाहीं. हुकूम व परिणाम यांतील अवकाश. दोन माणसांचें एकमेकांवर अवलंबून असणें. कानानें यंत्र ओळखण्याची कला. या चारही गोष्टी कागदावरील आराखड्यावरून कळत नाहींत, आणि गंजून उभ्या असलेल्या इंजिनावरूनही कळत नाहींत. म्हणून जुनें यंत्र जसेंच्या तसें गंजूं द्यावें, त्यास हात लावूंच नये, हें कांहीं जाणत्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं. बांधून माळ्यावर टाकलेली पोथी भ्रष्ट होत नाहीं हें खरें, पण ती वाचलीही जात नाहीं.

जें मिळालें नाहीं तें याहून मोठें. भार नव्हता. ज्या यंत्राचें सारें प्रयोजन शेंकडों टन ओढण्यांत, त्याच्या मागें एकही डबा नव्हता. भाराचा कांटा डाव्या बाजूसच राहिला. चढावर ओल्या रुळावरून चाकें सुटणें, तेव्हां वाळू सोडणें, रात्रीची तिसरी घटिका, घरापासून दूर रनिंग रूममधील झोंप, उन्हाळ्यांत तापलेल्या पत्र्याची धग, फाटकावर अचानक पुढें आलेलें माणूस — यांतील कांहींही नव्हतें. कॅबमध्यें बसून आलेला हौशी मनुष्य “मीं जुना काळ अनुभवला” असें लिहितो, तेव्हां तो वीस मिनिटांच्या सहलीस तीस वर्षांच्या नोकरीचें नांव देत असतो. असे वृत्तांत भाषेनें रसाळ असतात. साक्ष म्हणून त्यांतून ध्वनि, दृष्टि व स्पर्श यांपुरतेंच घ्यावें, श्रमाविषयीं कांहीं घेऊं नये.

यापुढें त्या इंजिनाचीच परीक्षा. इंजिनाजवळ जो फलक होता त्यावर बांधणीचें वर्ष व त्यापुढें ‘मूळ स्वरूपांत पुनरुज्जीवित’ असे शब्द होते. ड्रायव्हरसाहेबांनीं कॅबमधून उतरण्यापूर्वींच तीन गोष्टी दाखविल्या. फलकावरील वर्षीं बांधलेलीं इंजिनें व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या ओढीत. येथें हवेच्या दाबाच्या ब्रेकचीं मापकें होतीं, जीं मागाहून बसविलेलीं. संकटाचा इशारा देणारा लुकलुकता पिंवळा दिवाही मागाहूनचा. बैठक तर अगदीं अलीकडची. रंग मात्र आरंभींच्या काळचा दिला होता. शेडमधील एका कारागिरानें आपण होऊन सांगितलें कीं जनित्र दुसऱ्या, मोडींत निघालेल्या इंजिनाचें आहे. म्हणजे त्वचा एका दशकाची, ब्रेक दुसऱ्या दशकाचा, आसन तिसऱ्या दशकाचें व हृदय परक्याचें. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर ही संकीर्ण प्रत झाली. आणि फलक सांगतो, ही मूळ प्रत.

(४)

येथें आक्षेप येईल कीं यंत्र व पोथी यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे. यंत्राचे भाग झिजतात, ते बदलावेच लागतात. आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य नाहीं, उत्तरार्ध पूर्णपणें मान्य आहे. जिवंत माणसें ज्यांत बसणार त्या इंजिनाचा ब्रेक जुना म्हणून सदोष ठेवणें हा अपराध होईल. इंग्लंडमधील डेल्टिक इंजिनांचें उदाहरण या संदर्भांत बोधप्रद आहे. ३३०० अश्वशक्तीचीं अशीं बावीस इंजिनें १९६१ व १९६२ सालीं लंडन–एडिंबरो मार्गासाठीं आलीं, व जानेवारी १९८२ च्या आरंभीं त्यांची सेवा संपली. त्यांतील सहा इंजिनें संग्रहालय व हौशी मंडळें यांनीं वांचविलीं, आणि कांहीं पुन्हां मुख्य मार्गावर धांवलीं. प्रत्येकांत नेपियर बनावटीचीं दोन डिझेल यंत्रें. पण तीं नोकरींत असतांनाच ठराविक तासांनंतर काढून दुरुस्तीस धाडीत व त्यांच्या जागीं तयार असलेलीं दुसरीं बसवीत. तेव्हां अमुक इंजिनाचें ‘मूळ यंत्र’ कोणतें, हा प्रश्नच तेथें निरर्थक ठरतो. अदलाबदल हाच त्या इंजिनाचा इतिहास.

आपल्याकडेही निराळें नाहीं. कित्येक डब्ल्यूडीएम-२ इंजिनें पुढें ३१०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-३ए रूपांत फिरून बांधलीं गेलीं. वाराणसीच्या कारखान्यानें तर दोन डिझेल इंजिनांच्या सांगाड्यांवरून विजेवर चालणारें जोडइंजिन सिद्ध केलें. १९ फेब्रुवारी २०१९ रोजीं पंतप्रधानांनीं त्यास हिरवा बावटा दाखविला. जुनीं अक्षरें घांसून त्याच पानांवर नवा ग्रंथ लिहावा तसा हा प्रकार. परंतु तो उघडपणें झाला, म्हणून त्याविषयीं कोणाची दिशाभूल होत नाहीं. उलट, ऑक्टोबर २०२३ मध्यें एकतानगर–अहमदाबाद मार्गावर जी ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली, तिच्या इंजिनास रूप वाफेचें व आंत शक्ति विजेची आहे. करमणूक म्हणून त्यास आमची हरकत नाहीं. मात्र पन्नास वर्षांनीं केवळ छायाचित्र पाहणाऱ्या अभ्यासकानें २०२३ सालीं गुजरातेंत वाफेचें इंजिन नियमित चालत होतें असें लिहिलें, तर दोष त्याचा कीं आपला?

तात्पर्य, भाग बदलणें हा दोष नव्हे; बदल न नोंदविणें हा दोष होय. या बाबतींत आदर्श शोधण्यास इंग्लंडास जाण्याची गरज नाहीं. उमापूरपासून पैठण फार दूर नाहीं. एकनाथमहाराजांच्या वेळीं ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अशुद्ध पाठ व प्रक्षेप शिरले होते. त्यांनीं शके १५०६ मध्यें ग्रंथ शुद्ध केला; आणि महत्त्वाचें हें कीं शुद्ध केल्याचें, केव्हां केल्याचें व कां केल्याचें ग्रंथाच्या अखेरीस लिहून ठेविलें. इतकेंच नव्हे, तर पुढें कोणीं आपल्या पदरच्या ओव्या घालूं नयेत असा इशाराही दिला. जीर्णोद्धार करणारानें स्वतःस लपविलें नाहीं. म्हणूनच आज आपण ‘एकनाथपूर्व पाठ’ व ‘एकनाथी पाठ’ असा भेद करूं शकतों. पुण्यास भांडारकर संस्थेनें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिच्यांत कमी निश्चित अशा शब्दांखालीं नागमोडी रेघ आहे. संपादकास जेथें शंका तेथें वाचकासही ती कळावी, हा त्या रेघेचा अर्थ.

विरुद्ध बाजूचें उदाहरणही आमच्याच जिल्ह्यांतलें आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांस ज्ञानेश्वरीची प्राचीन प्रत मिळाली ती बीडजवळील पाटांगण येथें. तिच्यावरून त्यांनीं १९०९ सालीं ग्रंथ छापला. ती मूळ पोथी पुढें अभ्यासकांस पाहावयास मिळेनाशी झाली, आणि तेव्हांपासून त्या पाठाविषयींच्या प्रत्येक वादांत संपादकाच्या शब्दापलीकडे जातां येत नाहीं. राजवाड्यांसारख्या व्यासंगी पुरुषाच्या बाबतींत हें घडतें, तर शेडमधील रंगाऱ्याच्या बाबतींत काय घडेल? मूळ नष्ट होतें आणि दुरुस्तीची नोंदही नसते.

(५)

यास्तव आमची सूचना अशी कीं प्रत्येक पुनरुज्जीवित इंजिनास पुष्पिका असावी. पोथीच्या अखेरीस लेखक, काल, स्थल व मूळ प्रत सांगणारा जो मजकूर असतो, तसाच मजकूर इंजिनाजवळ व त्याच्या दप्तरांत असावा. तींत निदान पांच गोष्टी याव्या:

एक, इंजिन कोठें व केव्हां बांधलें आणि कोणत्या शेडांत राहिलें. दोन, दुरुस्तीपूर्वींची स्थिति, छायाचित्रांसह. तीन, कोणते भाग मूळचे, कोणते नोकरींत बदललेले, कोणते पुनरुज्जीवनाच्या वेळीं नवे केलेले; आणि काढलेले मूळ भाग कोठें ठेविले. चार, सध्यांचें रूप कोणत्या वर्षाचें म्हणून निवडलें व कां. पांच, ज्या जुन्या माणसांस विचारून दुरुस्ती केली त्यांचें म्हणणें, त्यांच्याच शब्दांत. बदललेल्या भागावर कॅबमध्येंच लहानशी खूण केली तर महाभारताच्या नागमोडी रेघेचें काम होईल. यास खर्च जवळजवळ नाहीं. लागते ती प्रामाणिकपणाची संवय.

पांचवी गोष्ट आम्ही अखेरीस लिहिली तरी महत्त्वानें ती पहिली आहे. इंजिनाच्या अंगावरून जें कळत नाहीं तें चालविणाराकडूनच कळतें, आणि तो मर्त्य आहे. लॉग बुकांत ड्रायव्हर फेरीगणिक इंजिनाचे दोष लिहितो. शेडमधले लोक त्याखालीं केलेली दुरुस्ती लिहितात. प्रश्न व उत्तर, दोन हस्ताक्षरांत. यंत्राच्या इतिहासाचें याहून सरस साधन आम्हांस ठाऊक नाहीं. त्या वह्या मुदत संपल्यावर मोडींत काढतात. राक्षसभुवन हेंही गेवराई तालुक्यांतच आहे. १७६३ च्या ऑगस्टांत तेथें माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या काळचीं पत्रें ज्या घराण्यांनीं तीन चार पिढ्या जपलीं, त्यांच्यामुळें आज आपण तो इतिहास लिहितों. त्या घराण्यांसही त्या वेळीं तो कागद जुना वाटत नव्हता.

(६)

शेडमधून परतल्यावर त्याच आठवड्यांत आम्ही ड्रायव्हरसाहेबांच्या घरीं उमापुरास गेलों. त्यांनीं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. तींत त्यांच्या खासगी नोंदींच्या एकोणीस वह्या निघाल्या. तारीख, इंजिनाचा क्रमांक, गाडी, उशीर, उशिराचें कारण, आणि कोठें कोठें एखादें वाक्य. कोणत्या चढावर कोणत्या क्रमांकाचें इंजिन ‘दम टाकतें’, याची नोंद एका वहींत पानेंच्या पानें आहे. कांहीं वह्यांस वाळवी लागलेली. त्यांचे चिरंजीव पुण्यास असतात. घर लवकरच आंवरावयाचें आहे. ड्रायव्हरसाहेबांनीं विचारलें, “गुरुजी, हे तुमच्या कामाचं हाये का? नायतर पोरगा रद्दीवाल्याला देणार हाये.”

कॅबमध्यें जें इंजिन आम्हांस मुकें राहिलें होतें तें या वह्यांतून बोलतें. तेथें भार आहे, रात्र आहे, पाऊस आहे. आणि त्या वीस मिनिटांच्या प्रवासाचा उपयोग आम्हांस येथेंच झाला: ‘दम टाकतें’ या शब्दांचा अर्थ, हुकूम व हालचाल यांतील तो अवकाश स्वतः अनुभविल्यामुळेंच आम्हांस कळला. चालतें इंजिन हें मूळ ग्रंथ नव्हे. तें त्या ग्रंथावरचें भाष्य आहे. भाष्य सदोष असलें तरी त्यावांचून मूळ दुर्बोध राहतें, आणि मूळ नसेल तर भाष्य कशावर करावयाचें?

वह्या आम्ही मालकांच्या संमतीनें तूर्त आमच्याकडे आणल्या आहेत. वाळवी लागलेल्या वेगळ्या ठेवून उरलेल्यांची यादी केली आहे. पहिल्या चार वह्यांची नक्कल पुरी झाली. मंडळानें त्या दप्तरखान्यांत घ्याव्या अशी आमची विनंति आहे. आणि ज्या वाचकांच्या गांवीं, शेजारीं अथवा नात्यांत एखादा निवृत्त ड्रायव्हर, गार्ड किंवा शेडमधला फिटर असेल, त्यांनीं या दिवाळीपूर्वीं त्याच्या घरीं एकदां जाऊन यावें. दिवाळीच्या आंवराआंवरींत पेट्या रिकाम्या होतात.